चोरचोळी

८ जानेवारी, गुरुवार

ही डायरी दरवर्षी वरवंडहून येते. तिथं माझ्या जावयाचं बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी औषधाच्या एखाद्या बाटलीचं चित्र असतं. मी हिच्यात फवारणी, पाण्याची पाळी आणि फुलांचा तोडा यापलीकडं काही लिहीत नाही. आज लिहितो.

सकाळी शेवंतीचा तोडा चालू होता, तेवढ्यात जावयाचा, सत्यजीतरावांचा, फोन आला. "मामा, गोड बातमी हाय. साईला भाऊ नायतर बहीण येतीय." चौथा महिना सरत आला म्हणाले. मी शेवंतीच्या सरीतच उभ्याउभ्या हात जोडले. मग ते म्हणाले, "आन् दुसरं म्हंजी, कंपनीची ट्रिप लागलीय. बँकॉक. एकोणीसला मी आन् सृष्टी निघतोय, पंचवीसला माघारी. तवर साईला तुमच्याकडं ठेवू का?"

मी ठेवा म्हणालो. फोन ठेवल्यावर क्रेट पालथा घालून त्याच्यावर बसलो. चौथा महिना सरत आला आणि आपल्याला आज कळतं?

सुवर्णाला सांगितलं. "देव पावला," एवढंच बोलली आणि पुढच्या झाडाकडं वळली. एकुलत्या एका लेकीला दिवस गेलेत हे ऐकून आई कामावरून उठतसुद्धा नाही, याचं नवल वाटलं.

१० जानेवारी, शनिवार

जपाला बसलो की माळ हातात राहते आणि मन वरवंडला जातं.

कंपन्या दुकानदारांना सहली देतात हे सगळ्यांना माहीत आहे. माल भरपूर खपवला की बँकॉक, दुबई. व्याही तीनदा जाऊन आले. पण ती पुरुषांची सहल. घरच्या बाया कुणी नेत नाही, आणि माघारी आल्यावर हे लोक पारावर बसून एकमेकांकडं बघून हसतात. मग पोटुशी बाई कशाला न्यायची? विहीणबाई प्रतिभाताई एरवी सुनेला पाण्याची कळशी उचलू देत नाहीत, त्यांनी विमानाला होकार कसा दिला?

पहिली मुलगी आहे. दुसऱ्या खेपेला चौथा महिना चालू आहे. आणि ह्याच महिन्यात फिरायला जायचं.

मी कुणावर उगीच संशय घेणारा माणूस नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असताना साई वरवंडला झाली. सुवर्णानं डिंक, खारीक सगळं आणून ठेवलं होतं. विहीणबाईंनी पाठवलीच नाही. तेव्हा मी गिळलं. आता ते पुन्हा वर येतं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

दोघं साईला घेऊन आले होते. सृष्टी उतरलेली दिसली, गालाची हाडं वर आली आहेत. तिळगूळ देऊन पाया पडायला वाकली तर मी मध्येच धरलं. जेवणं झाल्यावर सत्यजीतराव पिकाला पडलेला मावा बघायला गेले, तेव्हा मी तिच्याजवळ विषय काढला.

"डॉक्टर कोणते?"

"पुण्यातल्या हायेत एक बाई."

"दौंडच्या डॉक्टरीणबाई बऱ्या होत्या की. का बदलल्या?"

"असंच."

"सोनोग्राफी झाली का? किती आठवडे झाले? दुसरी कधी करायची म्हणाले?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "एवढं का विचारताय, आण्णा?"

"बापानं विचारू नये का?"

"विचारा की," म्हणाली, आणि साईच्या तोंडाला तिळगूळ लागला होता तो पुसायच्या निमित्तानं उठून गेली.

तिच्या मनात काहीतरी आहे. नसतं तर डोळ्याला डोळा देऊन उत्तर दिलं असतं. तिला कुणीतरी दम देऊन ठेवलाय, माहेरी काही बोलायचं नाही म्हणून.

१७ जानेवारी, शनिवार

सकाळी शेवंतीच्या सरीत ओल्या मातीवर पावलं उमटलेली दिसली. चांगली तळहाताएवढी. इथं आता बिबट्या म्हणजे पाहुणा राहिलेला नाही. दिवस मावळला की उसाकडं कुणी फिरकत नाही. परवापासून चार वर्षांचं पोर घरात राहायला येणार म्हणून मी लगेच फोन केला. वनखात्याचा माणूस आला, बसून पाहिलं आणि हसला.

"आबा, कुत्रं हाय हे. हे बघा, पुढं नखं टोचलीत. बिबट्या चालताना नखं आत घेतो, त्याचं पाऊल नुसतं मऊ उमटतं. ज्याची नखं दिसली, त्याला भ्यायचं न्हाई."

मला आबा म्हणाला. अजून पन्नाशीसुद्धा झाली नाही.

१९ जानेवारी, सोमवार

साईला सोडून दोघं विमानतळाकडं गेले. काल अमावास्या होती, निदान ती टळली.

गाडीत पुढच्या सीटवर सृष्टीची दवाखान्याची फाइल होती. निळी, दोरीनं बांधलेली. मी म्हणालो, "ही कशाला फिरायला नेतेस? इथं ठेव, मी जपून ठेवतो. वाटलंच तर दौंडच्या बाईंना दाखवून आणतो."

मी हात पुढं केला तशी तिनं फाइल उचलून मांडीवर घेतली. ओढून घेतली म्हटलं तरी चालेल. "नको आण्णा. डॉक्टर म्हणाल्यात जवळ ठेव, तिकडं काही लागलं तर."

तिकडं काय लागणार आहे? फिरायला गेलेल्या माणसाला सोनोग्राफीचे कागद कुठं दाखवायचे असतात? सुवर्णा मागं उभी होती. ती म्हणाली, "जाऊ द्या त्यांना, उशीर व्हतोय." गाडी वळेपर्यंत सृष्टीनं फाइलीवरचा हात काढला नाही.

२० जानेवारी, मंगळवार

साई दिवसभर बोलते. जेवायला बसल्यावर समोरच्या भिंतीकडं बोट करून विचारलं, "आबा, ती आजी हाय?"

आमच्या बैठकीच्या खोलीत एकच फोटो आहे. मी आणि सुवर्णा, महाबळेश्वरला. माझी बसायची जागा त्याच भिंतीला टेकून आहे, त्यामुळं मला मान वळवावी लागली.

"व्हय, आजीच."

"आजीनं लोखंडाला का धरलंय?"

"लई वारा होता तिथं," मी म्हणालो.

"मग तुमी का न्हाई धरलं?"

सुवर्णा तिच्या ताटात भात वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

२१ जानेवारी, बुधवार

आमच्या गावातला एक दुकानदार त्याच सहलीला गेला आहे. त्यानं मोबाइलवर सगळ्यांचा फोटो टाकला. सोन्याचा कळस असलेलं देऊळ, पुढं चाळीस-पन्नास माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीची टोपी. मी फोटो मोठा करून एकेक तोंड पाहिलं. आमची दोघं त्यात नाहीत.

दुपारी सृष्टीला व्हिडिओ कॉल केला. साईशी बोलायचं निमित्त. तिनं घेतला खरा, पण ती पडलेली होती. लांब खुर्चीवर, उशी मानेखाली. दोन्ही बाजूंना पडदे. पायथ्याशी एक बाई वाकलेली, अंगात फिक्या रंगाचा डगला, दवाखान्यातल्या बायका घालतात तसा. सृष्टीनं घाईघाईनं मोबाइल तोंडाजवळ धरला.

"कुठं हायेस?"

"इथंच आण्णा. पाय सुजले होते, जरा चेपून घेतेय." आणि चक्क लाजली. "नंतर करते हं, साई."

पाय चेपायला कुणी पडदे लावून निजतं का? आणि परक्या देशात परकी बाई हिचे पाय चेपेल कशाला?

संध्याकाळी तिनं एक फोटो पाठवला. नदीत होडी, ती काठावर हसत उभी. मी हसण्याकडं पाहिलं नाही. फोटो लोकांना दाखवायलाच काढतात. मी तिच्या अंगातल्या सदऱ्याकडं पाहिलं. हिरवा खण, लाल काठ, काठावर चिंचेच्या पानाची नक्षी. तो खण मी शिरूरच्या बाजारातून आणलेला. सृष्टीच्या लग्नाच्या वेळचा उरलेला एक तुकडा सुवर्णाच्या ट्रंकेत होता. ट्रंक उघडून पाहिलं. नाही.

"खण कुठं गेला?" मी विचारलं.

सुवर्णा शेवग्याच्या शेंगा सोलत होती. "दिला सृष्टीला. तिसऱ्या महिन्यात. चोरचोळी करायची असती आईनं."

"म्हणजे तुला डिसेंबरातच माहीत होतं? मला बोलली नाहीस?"

"चोरचोळी चोरूनच देत्यात."

"लोकांपासून चोरून. घरच्यापासून का?"

तिनं शेंगेची शीर ओढून काढली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "जेवायला वाढू का?"

आता मला सगळ्यांचंच भय वाटायला लागलं आहे. माझी बायकोही त्यांच्यात सामील आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

गणेश जयंती होती. गावच्या वाघेश्वराला फुलं वाहून तसाच शिरूरला गेलो. दावीदला भेटायला. गावच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याचं आता औषधाचं दुकान आहे, काउंटरच्या मागं रोज एक वचन असलेलं कॅलेंडर. गर्दी सरेपर्यंत थांबलो.

"बोल ईश्वर. गुडघा का कंबर?"

"बँकॉकला विचारलं तर डॉक्टर सांगतात का रं?"

"काय?"

"मुलगा का मुलगी."

त्यानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "हाच प्रश्न तू मला ह्याच जागी उभा राहून एकदा विचारला होतास. तेवीस वर्षं झाली. तवा मी न्हाई म्हणालो नव्हतो, व्हयबी म्हणालो नव्हतो. गप बसलो. पत्ता तू दुसरीकडनं काढलास. पण त्या गप बसण्याची मी अजून दर रविवारी माफी मागतो."

मी म्हणालो, "आता माझ्यासाठी विचारत न्हाई. सृष्टीला नेलंय तिकडं. मला वाचवायचंय ते लेकरू."

सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "काही देशांत सांगतात, तिकडं गुन्हा नसतो. पण तुझ्याकडं पुरावा काय? ट्रिप. अरं, लोक ट्रिपला फिरायला जातात."

"सगळेच न्हाई जात."

"हां," दावीद म्हणाला. "हे मातर तुला ठाऊक."

एसटीत बसून येताना ठरवलं की ते एकदा लिहून काढायचं. देवापुढं रोज मनात बोलतो, पण मनातलं बोलणं आपल्याला हवं तिथं थांबवता येतं.

२००३ साली सृष्टी तीन वर्षांची असताना सुवर्णाला पुन्हा दिवस गेले. माझे वडील, आबा, म्हणाले, एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवून या. गावात सांगितलं, दोघं महाबळेश्वरला फिरायला चाललेत. वाटेत एका गावी तीन दिवस राहिलो. मुलगी होती. मी बाहेर बाकावर बसलो होतो आणि हातात माळ होती, हे मला कधी विसरता आलं नाही. चौथ्या दिवशी खरोखरच महाबळेश्वरला गेलो, कारण गावाला काहीतरी दाखवायला हवं होतं. पॉइंटवरच्या फोटोवाल्याकडून फोटो काढला. सुवर्णाला उभं राहवत नव्हतं. वारा नव्हता. चणे विकत घेतले आणि घरोघर वाटले. सगळे म्हणाले, राजाराणीची मजा आहे.

त्यानंतर सुवर्णाला दिवस गेले नाहीत. दरवर्षी शेवंतीची पहिली पाटी मी वाघेश्वराला देतो. कशाची ते गुरवानं कधी विचारलं नाही.

म्हणून मला माहीत आहे. सहल कशी दिसते, फोटो कसे दिसतात, सगळं माहीत आहे. उद्या वरवंडला जातो.

२३ जानेवारी, शुक्रवार

पूल ओलांडून चौफुल्यावरून वरवंडला पोहोचलो तेव्हा दहा वाजले होते. दुकानात प्रतिभाताईच होत्या, डोक्याला रुमाल बांधून टेम्पोतून उतरणारी पोती मोजून घेत होत्या.

"या पाहुणं! आन् हे काय, न सांगता? साई बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. बोलायचं होतं."

त्यांनी व्याह्यांना हाक मारून पोत्यांवर उभं केलं आणि मला मागं घरात नेलं. चहा आला. मी कपाला हात लावला नाही.

"ताई, सृष्टीला बँकॉकला कशासाठी पाठवलंत?"

"म्हंजी? फिरायला."

"मी लहान पोर न्हाई. पहिली मुलगी हाय, चौथा महिना सरलाय, फाइल संगं नेलीय. तिकडं तपासून घ्यायचं आन् मग काय ते ठरवायचं, असंच ना? मी पाया पडतो तुमच्या. मुलगी असली तर मला द्या. मी वाढवतो."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग उठल्या. मला वाटलं आता हाकलून देतील. त्यांनी कपाट उघडलं, साड्यांच्या खालून एक पासपोर्ट काढला आणि माझ्यापुढं टाकला.

"उघडा."

त्यांचाच फोटो होता. पुढची पानं सगळी कोरी.

"ह्यात एकबी शिक्का न्हाई, आन् आता कवा उठंल ते देव जाणं. ह्यांच्या तीन ट्रिपा झाल्या. औंदा मी म्हणलं, वीस वर्षं दुकानात मीबी उभी ऱ्हातेय, पोती मीबी मोजतेय, औंदा मी जाणार. दसऱ्याला पासपोर्ट आला. शेजारणींना दाखवून आले बघा, गाढवासारखी. मग पोरीला दिवस गेले. उलट्या करून करून पार वाळली. मी म्हणलं, हे लेकरू आलं की आणिक पाच वर्षं तुझा पाय उंबऱ्याबाहेर पडायचा न्हाई. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणल्या जाऊ द्या, आत्ता चांगला काळ हाय. तर माझ्या जागी ती गेली. कळलं?"

मी पासपोर्ट मिटून त्यांच्याकडं सरकवला.

"आन् तपासायचं म्हणता? ईश्वरराव, तुम्ही आमच्या दारात चहा घेतला असता तर ह्यावर मी बोलले नसते. पण तुम्ही कप तसाच ठेवलाय. साईच्या वेळी पुण्याच्या चांगल्या डॉक्टरला दाखवू, पुण्याच्या चांगल्या डॉक्टरला दाखवू, असा फोन कुणाचा यायचा? माझा का तुमचा?"

"मी काळजीनं म्हणत होतो."

"असाल. पोरगी त्या दिवसापासनं बदलली. सातव्यात माहेरी जायची ती गेली न्हाई. मी दोनदा बॅग भरली. दोन्ही खेपंला तिनं काढून ठेवली. म्हणाली, आई, मला हितंच ऱ्हाऊ द्या. लोक मला बोलले, सासूनं अडवली म्हणून. तुम्हीबी बोलला असाल. मी सोसलं. कधी विचारलं न्हाई तिला. ह्या खेपंलाबी तीच म्हणाली, चार महिने आण्णांना कळू देऊ नका. मला वाटलं, दृष्ट लागती म्हणून म्हणत असंल."

चहावर साय धरली होती. त्या खाली बसल्या आणि एकदम आवाज उतरवून म्हणाल्या, "काय केलं हो तुम्ही त्या पोरीचं?"

"काही न्हाई," मी म्हणालो.

मग तो थंड चहा सायीसकट पिऊन टाकला आणि निघालो. त्या दारापर्यंत आल्या नाहीत. हे बरोबरच झालं.

२४ जानेवारी, शनिवार

काल घरी आल्यावर बोलवेना. आज सकाळी तोडा झाल्यावर सुवर्णा फुलं निवडत बसली होती, साई देठ गोळा करत होती. साईला मी मांजर बघायला पाठवलं.

"तू सृष्टीला महाबळेश्वरचं सांगितलंस?"

"व्हय."

"कधी?"

"साईच्या वेळी. तुम्ही पुण्याच्या डॉक्टरचं नाव काढलं, त्या दिवशी."

"अगं, मी खरंच चांगल्या डॉक्टरसाठी म्हणत होतो. बाकी माझ्या मनात काही नव्हतं."

"आबाबी चांगलाच डॉक्टर म्हणले होते."

किडलेलं फूल तिनं बाजूला टाकलं. रागावलेली नव्हती. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं.

"मला विचारायचं तरी होतंस."

"काय विचारायचं? तवा तुम्ही मला विचारलं होतं?"

म्हणजे त्या निळ्या फाइलीवर तिनं हात ठेवला होता तो माझ्यासाठी. संक्रांतीला मी तिला आठवडे विचारत होतो आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती. दोन आठवडे मी दुसऱ्यांची पावलं शोधत फिरलो. प्रतिभाताई तोंडावर बोलतात, भांडतात, त्यांची नखं सगळ्यांना दिसतात. मी कधी कुणाला वर तोंड करून बोललेलो नाही. देवभोळा माणूस म्हणतात मला. वनखात्याच्या त्या माणसानं मातीत बोट घालून दाखवलं होतं, तरी मला दिसलं नाही.

आत गेलो आणि स्टूल घेऊन महाबळेश्वरचा फोटो खिळ्यावरून काढायला लागलो. सुवर्णा दारात आली.

"राहू द्या."

"कशाला ठेवायचा आता?"

"तुम्ही कायम त्याला पाठ लावून जेवता. मी समोर असती. तेवीस वर्षं दोन्ही वक्ताला बघत जेवलीय. आता काढून टाकला म्हंजी तुमचं काय जाणार?" ओले हात तिनं पदराला पुसले. "जागा बदला. तुम्ही हिकडं बसा, मी तिकडं बसती."

दुपारी तिच्या जागेवर जेवायला बसलो. साईनं विचारलं, "आबा, तुमी आजीच्या जागेवर?" मी म्हणालो, "व्हय." भाकरी मोडून ताटातच ठेवली. मान वर केली की कठड्याला धरलेला तो हात. बोटं पांढरी पडली आहेत, हे मला आज पहिल्यांदा दिसलं. सुवर्णा भिंतीला टेकून बसली होती. तिनं शांतपणे दोन भाकरी खाल्ल्या.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी साईला शाळेवर झेंडा दाखवून आणला. आलो तर दारात गाडी. सृष्टी ओट्यावर बसली होती, पाय सोडून, हिरव्या खणाचा तोच सदरा घालून. तोंडावर जरा तेज आलं आहे. साई हातातला कागदी झेंडा टाकून पळत सुटली.

सगळ्यांसाठी काही ना काही आणलं होतं. साईला हत्ती, सुवर्णाला छत्री, मला तिकडच्या चिंचांचा डबा. गोड चिंच असते म्हणे तिकडं. उन्हात उभा राहून मी तो डबा हातात धरला आणि मला चण्यांच्या पुड्या आठवल्या. सुवर्णानं एक चिंच फोडून तोंडात टाकली. "अगं बया, खरंच गोड हाय की!" आणि मोठ्यानं हसली.

"पाय कसे आहेत?" मी विचारलं.

"बरे हायेत." सृष्टी हसली. "आण्णा, त्या दिवशी तुम्ही फोन केला तेव्हा खरंच पाय चेपून घेत होते. तिकडं दुकानंच असतात त्याची. सासूबाईंनी बजावून सांगितलं होतं, माझ्या वाटचेबी चेपून घे. देवळाच्या पायऱ्या चढवेनात म्हणून आम्ही दोघं तिकडंच गेलो."

सत्यजीतराव गाडीत साईच्या पिशव्या भरत होते. ते लांब गेल्यावर ती म्हणाली, "सासूबाईंनी सांगितलं मला. तुम्ही आला होता ते."

माझी मान खाली गेली.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुझा बाप वेडा हाय, पण मुलगी झाली तर मला द्या म्हणून पाया पडत होता. तेवढं तुझ्या कानावर घालते म्हणाल्या. पुढचं तुझं तू बघ."

"सृष्टी," मी म्हणालो, "महाबळेश्वरला आम्ही..."

"माहीत हाय, आण्णा."

माफी मागायची म्हणून मी रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती तिनं बोलू दिली नाहीत. बरं केलं. ती वाक्यं तिच्यासाठी नव्हतीच. ज्यांच्यासाठी आहेत त्यातली एक आत चूल पेटवत होती आणि दुसरीला नाव नाही.

जेवण झाल्यावर निघाले. सृष्टीला परस्पर पुण्याला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवायचं होतं, म्हणून निळी फाइल तिच्या काखेत होती. सुवर्णा ओटीचा नारळ आणायला आत गेली. साईनं पायरीवर बसून पाय पुढं केला, चपलेचं बक्कल सुटलं होतं.

मी म्हणालो, "मी लावतो. तू वाकू नकोस."

"नको," सृष्टी म्हणाली. क्षणभर उभीच राहिली. मग काखेतली फाइल काढून माझ्यापुढं धरली. "तुम्ही हे धरा."

ती पायरीवर टेकली आणि साईचा पाय मांडीवर घेतला. बक्कल लावायला उशीर लागला, कारण तिचं लक्ष तिकडं नव्हतं. माझ्या हातांकडं होतं. मी फाइलीच्या दोरीची गाठ आतल्या बाजूला जाऊ दिली नाही, ती तिला दिसेल अशी ठेवली. पूजेचं ताट धरतात तशी फाइल दोन्ही हातांवर आडवी धरली आणि ती उठून परत मागेपर्यंत जागचा हललो नाही.